रोज दोन बैठका

७ जुलै

प्रिय आबा,

वाकून नमस्कार. दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता केलाय.

फोनवर तुम्हाला माझं काही ऐकू येत नाही, आणि तुमचं 'काय? काय?' आमच्या वसतिगृहाच्या तिन्ही मजल्यांना ऐकू येतं. परवा मी 'जेवले' म्हटलं ते तुम्ही 'हरवले' ऐकलंत आणि आईला घाबरवून सोडलंत. तेव्हा यापुढे आपलं पत्र. आईनं तुमच्यासाठी पाकिटं आणून ठेवली आहेत. उत्तर द्यायचा कंटाळा केलात तर मी पुन्हा फोन करीन.

माझं छान चाललंय. खोलीत आम्ही तिघी आहोत. एक झोपेतसुद्धा गणितं सोडवते, दुसरी जागेपणीही सोडवत नाही, आणि मी मधल्या खाटेवर. कॉलेज तीनला सुटतं. आता खास बातमी ऐका. साडेपाच वाजता मी तालमीला जाते! पंचवीस जणांतून नऊ निवडले, त्यांत तुमची नात आहे. सध्या रोज दोन बैठका होतात. मास्तर म्हणजे आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. फार कडक आहेत. आवाज कधी चढवत नाहीत, पण एक मिनिट उशीर झाला की दार बंद. नोव्हेंबरात कॉलेजांच्या स्पर्धेची पहिली फेरी आहे आणि डिसेंबरात शेवटची. खोलीवर परत येते तेव्हा सगळं अंग ठणकत असतं, पण मजा येते.

तुमचा गुडघा काय म्हणतोय? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता का? खरं लिहा. मी आईकडून खात्री करून घेणार आहे.

तुमची,
काडी


१५ जुलै

काडे,

आशीर्वाद. कोरेच पाठवतोय, हवे ते भरून घे.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला. तुझ्या आईला दाखवलं. म्हटलं, बघ गं, इथं 'तालीम'च लिहिलंय ना? ती म्हणाली, हो, आणि हसत हसत आत गेली. म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं आणि मला कुणी सांगितलं नाही.

खोटं कशाला बोलू, आधी मला घाम फुटला. तुझी हाडं लांबून मोजता येतात. काडी हे नाव मीच ठेवलंय, उगाच नाही ठेवलं. मग म्हटलं, का नको? तुझा बाप माझा एकुलता एक मुलगा, पण तालमीचा उंबरा त्यानं कधी ओलांडला नाही. माती बघितली की शिंका यायच्या त्याला. मी त्याला त्यावरून बोललो नाही कधी, पण मनात राहिलं ते राहिलंच. आणि आता नात लिहिते की तालमीला जाते! माझ्या सदऱ्याची बटणं तुटायची तेवढी बाकी होती.

पण हे दोन बैठकांचं काय प्रकरण आहे? रोज दोन? आणि तेवढ्यानं अंग ठणकतं? तुझ्या वयात मी पाचशे बैठका मारून मग कामावर जायचो. तुझे ग्रंथपाल मास्तर पुस्तकात बघून शिकवतात की काय? त्यांना माझा नमस्कार सांग आणि म्हणावं, दोनाच्या वीस करा, मग दर आठवड्याला दहा वाढवा. पोरगी काटक आहे, मोडायची नाही.

गुडघ्याचं विचारलंस. व्यायाम करत नव्हतो. आजपासून करतो. नात तिकडे बैठका मारणार आणि आजोबा इकडे खुर्चीत पाय पसरून बसणार, हे काही बरं दिसत नाही.

आबा

ता. क. एकच ध्यानात ठेव, पाठ टेकू द्यायची नाही. बाकीचं हळूहळू येतं.


२० जुलै

आई,

घोळ झालाय. आधी बस आणि मग पुढचं वाच.

आबांना वाटतंय मी कुस्ती खेळते.

हसू नकोस. म्हणजे हस, पण मग पुढचं वाच. चूक माझीच आहे. आबांना लिहिताना मी 'नाटक' हा शब्द मुद्दाम टाळला. त्यांच्या तोंडी तो कसा येतो तुला माहीत आहे. दूध नको म्हटलं की 'नाटकं करू नकोस', शाळेच्या दिवशी पोट दुखलं की 'हिची नाटकं सुरू झाली', बाबा कामावरून उशिरा आले की 'काय नाटक आहे आज?' आपल्या घरात नाटक म्हणजे खोटेपणा. मग त्यांना कसं लिहायचं की मी नाटकात काम करते? म्हणून लिहिलं, तालीम. म्हणून लिहिलं, बैठका. तालीम आमच्या एकांकिकेची गं! आणि बैठका म्हणजे आम्ही वाचनालयात फरशीवर तासन्‌तास गोल करून बसतो, अंग ठणकेपर्यंत, आणि संहिता वाचतो त्या! आबांच्या डोक्यात या दोन शब्दांना एकेकच अर्थ आहे.

त्यांचं पत्र मी खोलीत मोठ्यानं वाचून दाखवलं. 'दोनाच्या वीस करा' ऐकून दोघी खाटेवरून खाली आल्या. मीही पोट धरून हसले. मग बटणांची ओळ आली आणि माझं हसू कुठल्या कुठे पळालं.

आणि अजून एक आहे. मी कुठलं काम करते ते तुलाही सांगितलं नव्हतं. मी म्हातारा आहे. सबंध एकांकिका खुर्चीत बसून राहायचं, म्हणून एकही मुलगा तयार होईना. निवृत्त घड्याळजी असतो, आजारातून बरा झालेला, पण खुर्ची सोडत नाही. उठायचं म्हणून खुर्चीचे दोन्ही हात पकडतो, दोनदा पुढे झुकतो, मग 'असू दे' म्हणतो आणि परत मागे टेकतो. निवडीच्या वेळी मी हे एवढंच करून दाखवलं आणि मास्तरांनी माझं नाव लिहून घेतलं. कुणाचं बघून केलं ते तुला सांगायला नकोच.

तेव्हा नाटक कळलं की आबांना हेही कळणार. मी काय करू?

काडी


२७ जुलै

बाळा,

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा उलटा चढवला. ते बिचारे म्हणाले, 'सगळं जरा धूसर दिसतंय.' मी म्हटलं, मलाही.

आता माझं ऐक. मार्चमध्ये आबा जिन्यावरून पडले, शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले महिन्याभरात चालायला लागतील. चार महिने झाले. खुर्ची सोडवत नाही हे मी आजवर मंत्र्यांबद्दल ऐकलं होतं. मी सांगून थकले, तुझ्या बाबांनी तर हात टेकले. गुडघा बरा झाला होता गं, पण माणूस आतून बसला होता. तू सुट्टीत हे सगळं पाहिलंस. पाहून नाटकात घातलंस, त्यावर मी नंतर बोलणार आहे.

आबांना तुझं पहिलं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुपारी घरी आले तर खुर्ची रिकामी. बघते तर आबा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर, कठडा धरून उभे. मला म्हणाले, 'उतरणं जमतंय. चढायचं मग बघू.' काल गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वर येताना मात्र अजून तुझे बाबा धरून आणतात. आज घरामागच्या त्यांच्या जुन्या तालमीचं कुलूप काढायला लावलं. आत सुतारानं फळ्या रचून ठेवल्यात. त्याला स्वतः जाऊन सांगितलं, आठ दिवसांत हलव.

खोटं चालू ठेव असं आई म्हणून मला सांगता येत नाही. आणि आत्ताच्या आत्ता खरं सांग असं सून म्हणून सांगवत नाही. थोडे दिवस थांब. त्यांना एकट्यानं जिना चढू दे.

आई


९ ऑगस्ट

प्रिय आबा,

तुम्ही जिना उतरलात हे आईनं कळवलं. मी खोलीत ओरडले, तर गणितवाली दचकून जागी झाली आणि म्हणाली, 'उत्तर बरोबर आहे.'

वीस बैठकांचं मी मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, वीस बैठका करत बसलो तर स्पर्धेला पुढच्या वर्षी जाऊ.

आबा, एका बाबतीत मी अडले आहे. माझ्यासमोर जो असतो ना, त्याला आम्ही भोंगा म्हणतो. अंगानं माझ्या दुप्पट, आवाजानं चौपट. मी खाली असते आणि तो वरून येतो. तो आला की मी आपोआप अंग चोरते. काय करायचं ते सगळं पाठ असतं, पण आयत्या वेळी पुसलं जातं. मास्तर रोज म्हणतात, 'तुझं वजन पडत नाही.' तुम्ही असता तर काय केलं असतंत?

(हे मी खरंच विचारते आहे.)

काडी


१८ ऑगस्ट

काडे,

आधी मला सांग, मुलाशी लावतात? मी पत्र तिथंच खाली ठेवलं आणि तालमीत दोन येरझाऱ्या घातल्या. मग शांत झालो. बरं झालं. जी मुलाला भारी पडेल ती मुलींना काय ऐकणार?

वजन पडत नाही हे तुझे मास्तर बरोबर बोलले. माणूस पुस्तकातला असला तरी जाणकार दिसतो. रोज चार अंडी, चार केळी आणि दूध, आणि 'नको' म्हणून नाटकं करायची नाहीत.

आता खाली असण्याबद्दल. नवा माणूस खाली सापडला की धडपडतो, लवकर उठायला बघतो, आणि तिथंच फसतो. खालच्यानं घाई करायची नाही. खालच्यानं जड व्हायचं. श्वास पोटात सोड, खांदे सैल टाक, आणि मनात म्हण की मी इथंच राहणार आहे, तुला काय करायचं ते कर. ज्याला उठायची घाई नाही त्याला कुणाचा बाप हलवू शकत नाही. मग वरचाच गोंधळतो. दुसरं, त्याच्या हातांकडे बघू नकोस, तोंडाकडे तर मुळीच नको. गळ्याखाली खळगी असते तिथं बघ. माणूस काही करायच्या आधी श्वास घेतो, तो तिथं दिसतो. तुला त्याच्या आधी कळेल.

इकडची बातमी. सुतारानं फळ्या हलवल्या. झाडून घेत होतो तर पोस्टमनची धाकटी मुलगी दारातून डोकावली. म्हणाली, आजोबा, तुमची नात कुस्ती खेळते म्हणे, मुलींना शिकवतात का? मी म्हटलं, आजवर नाही शिकवलं. ती म्हणाली, मग आता? दुसऱ्या दिवशी येताना ती शिंपीणबाईंच्या जुळ्या मुलींना घेऊन आली. त्या दोघींतली कुठली चीत झाली ते मला अजून कळत नाही. दोघी एकमेकींवर ढकलतात.

आबा


२६ सप्टेंबर

प्रिय आबा,

तुमचा डाव लागू पडला!

काल भोंगा वरून आला. मी श्वास पोटात सोडला, खांदे सैल टाकले आणि जड झाले. त्याच्या खळगीकडे बघत राहिले. मी इथंच राहणार आहे, तुला काय करायचं ते कर. आबा, तो मधेच थांबला. तोंड उघडं आणि आवाज गायब. त्याला पुढचं काही आठवेना. भोंग्याची शिट्टी झाली, असं सगळे म्हणतात. मास्तरांनी हातातली वही मिटली आणि मला विचारलं, 'हे कुणी शिकवलं?' मी म्हटलं, माझ्या आजोबांनी. ते म्हणाले, 'मोठे कलावंत दिसतात.' मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी भीत नाही. कॉलेजात येऊन दोन वर्षं झाली, कुणी मोठ्यानं बोललं की मी आपली भिंतीला चिकटायची. परवा कार्यालयातल्या कारकुनानं खिडकीतून माझ्यावर डाफरायला सुरुवात केली, तर मी तिथंही जड झाले. त्यानं मुकाट्यानं शिक्का मारून दिला.

आबा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे. या पत्रात नको. पुढच्या पत्रात नक्की.

काडी


५ ऑक्टोबर

काडे,

कारकुनाला खाली पाडलंस! शाब्बास. ही खरी कुस्ती. गादीवरची नंतर.

तुझं पत्र मी तालमीत सगळ्या मुलींना वाचून दाखवलं. आता अकरा झाल्या आहेत. मला वस्ताद म्हणतात. कितीतरी वर्षांनी ऐकला हा शब्द. भिंतीला चुना दिला, दारावरची पाटी पुन्हा रंगवली. जिन्याचं तुझ्या आईनं लिहिलं असेलच, एकटा चढलो. दोनदा चढलो, दुसऱ्यांदा नुसतं बघायला की पहिल्यांदा खरंच चढलो का.

आता माझी बातमी. तुझी पहिली फेरी चौदा नोव्हेंबरला, दुपारी तीन वाजता, हे मी तुझ्या बापाकडून काढून घेतलं. तो सांगताना अडखळत का होता कोण जाणे. आम्ही येतोय. मी आणि अकरा मुली. सगळ्यांच्या घरून परवानगी घेऊन झाली आहे. तुझ्या बापालाही म्हटलं, चल, तिथं माती नसते, गादी असते, शिंका येणार नाहीत.

तू काय सांगणार होतीस ते समोरच सांग.

आबा


१२ ऑक्टोबर

आबा,

समोर सांगायला उशीर होईल, म्हणून आत्ता लिहिते. तीन कागद फाडले, हा चौथा.

मी कुस्ती खेळत नाही. कधीच खेळले नाही. मी कॉलेजच्या एकांकिकेत काम करते. आमची तालीम म्हणजे नाटकाची तालीम. बैठका म्हणजे वाचनाच्या बैठका. मास्तर वजन म्हणतात ते बोलण्याचं वजन, आणि भोंगा नाटकात माझा मुलगा असतो. तो खुर्चीसमोर उभा राहून मला ओरडतो, म्हणून मी 'खाली' असते. मी लिहिलेला एकही शब्द खोटा नव्हता, आणि तरी सगळं खोटं होतं. तुम्हाला गैरसमज झाला हे तुमच्या पहिल्याच पत्रातून मला कळलं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तुम्ही खुर्चीतून उठलात, जिना उतरलात, कुलूप काढलंत, आणि माझी हिंमत दर पत्रागणिक कमी होत गेली. तुमच्या भाषेत सांगायचं तर मी तीन महिने तुमच्याशी नाटकं केली.

पुढचं लिहिणं त्याहून अवघड आहे. एकांकिकेत मी एक म्हातारा झाले आहे. तो खुर्चीतून उठत नाही. तो तुम्ही आहात, आबा. सुट्टीत मी घरी होते तेव्हा रोज तुम्हाला बघत होते. मला तुमचं काय करावं कळत नव्हतं, जवळ येऊन बोलायची भीती वाटायची, म्हणून नुसतं बघत बसायची. ते सगळं तसंच्या तसं अंगात उतरलं. कुणी हसावं म्हणून मी करत नाही. तुमची शपथ, एकदाही तसं केलं नाही. पण तुम्हाला न विचारता केलं.

तुमचे डाव मात्र खरे निघाले. ते नसते तर मला हे काम जमलंच नसतं.

तुम्ही रागावलात तर मी समजू शकते. स्पर्धेला आला नाहीत तरी समजू शकते. तालीम मात्र बंद करू नका, एवढंच मागते.

काडी


२४ ऑक्टोबर

बाळा,

आबांनी तुझं पत्र दुपारी वाचलं. घडी घातली आणि उशीखाली ठेवलं. संध्याकाळी तालमीला गेले नाहीत, खुर्चीत बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही तेच. रागानं दोन शब्द बोलले असते तरी मला बरं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी अकराच्या अकरा मुली आपल्या दारात येऊन उभ्या राहिल्या. पोस्टमनच्या धाकटीनं विचारलं, 'वस्ताद, आमचं काय चुकलं?' आबा मला म्हणाले, 'माझ्या चपला कुठे आहेत?'

तेव्हापासून जातात रोज. पण तुझा विषय काढला की त्यांचा गुडघा दुखायला लागतो. चौदा तारखेला येणार की नाही, मला खरंच माहीत नाही. तू त्यांच्याकडे बघत बसू नकोस, तुझं काम नीट कर.

आई


१७ नोव्हेंबर

काडे,

चौदा तारखेला सभागृहात मागून जो आरडाओरडा झाला तो आमचा होता. तुला कळलंच असेल, पण कबुली द्यायची चांगली सवय तू घालून दिली आहेस, म्हणून लिहितो.

तुझ्या पत्रानं मला राग आला. दोन दिवस होता. सगळ्यांत जास्त राग याचा आला की नात कुस्ती खेळते म्हणून मी गल्लीभर सांगत हिंडलो होतो. आता अकरा मुलींना काय सांगायचं? शेवटी तालमीत त्यांना गोल बसवलं आणि जसं आहे तसं सांगितलं. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. मग जुळ्यांतली एक म्हणाली, 'मग नाटक बघायला जाऊ. परवानगी काढलीच आहे.' पोरींना काही फरकच पडला नाही. मी दोन दिवस उगाच फुगून बसलो होतो.

शेवटच्या रांगेत बसलो. पडदा उघडला आणि उजेड आला. मला वाटलं होतं तू दिसशील. तू दिसलीसच नाहीस. मी दिसलो. तो हात, ती मान, खुर्चीच्या हाताची कड नखानं खरवडायची खोड. मी 'असू दे' म्हणतो? शेजारी तुझी आई होती, तिला हळूच विचारलं. ती म्हणाली, दिवसातून वीस वेळा. पहिली पाच मिनिटं मी रागानं बघितली. नंतर मला त्या म्हाताऱ्याची दया यायला लागली. आणि मग लक्षात आलं की मार्चपासून तुम्ही सगळे माझ्याकडे असेच बघत होता. तुमच्यावर काय बेतलं असेल, हे मला त्या अंधारात बसल्यावर कळलं. घरी उजेडात नव्हतं कळलं.

मग तो भोंगा तुझ्या अंगावर आला. माझ्या अकराही एकदम उठल्या आणि ओरडल्या, 'जड हो! जड हो!' परीक्षक मागे वळून बघायला लागले. मी त्यांना हात जोडले आणि पोरींना खाली बसवलं. पण खरं सांगू? मीही ओरडलो होतो. आणि तू जड झालीस, काडे. सबंध सभागृहात तुझ्याशिवाय काही उरलं नाही. तुझा बाप शेजारी रुमाल शोधत होता. मला म्हणाला, शिंका येतायत. मी म्हटलं, असू दे.

न भेटता गेलो. मुलींना वेळेत घरी पोचवायचं होतं म्हणून, असं सांगायचं ठरवलं होतं. खरं म्हणजे डोळ्यांना पाणी होतं आणि वस्तादानं शिष्यांसमोर रडू नये. तू जे करतेस त्याला मी आजवर जो शब्द वापरत आलो तो वाईट अर्थानं वापरत आलो. यापुढे नाही वापरणार. पत्रातून जे केलंस ते मात्र पुन्हा करू नकोस. माझ्याशी सरळ बोल. मला ऐकू आलं नाही तर लिही.

तुम्ही शेवटच्या फेरीत गेलात असं आईकडून कळलं. तेव्हा आता कामाचं बोलतो. तुझ्या मास्तरांना माझा नमस्कार सांग आणि हे वाचून दाखव.

तुमचा शेवट चुकलाय. मुलगा निघून जातो, म्हातारा दोनदा झुकतो, मागे टेकतो, दिवा नुसत्या खुर्चीवर राहतो आणि पडदा पडतो. लोक रडतात. रडतील नाहीतर काय. पण ते खरं नाही. मार्चपासून जूनपर्यंतचं खरं आहे, पुढचं नाही. तुम्ही म्हाताऱ्याला अर्ध्यात सोडून आलात. तो तिसऱ्यांदा झुकतो, काडे. दोन्ही हात सोडतो, भार आधी चांगल्या पायावर घेतो, आणि उठतो. सावकाश उठतो, वाईट दिसतो उठताना, पण उठतो. हे मी बघितलेलं नाही, केलेलं आहे.

बारा डिसेंबरपर्यंत बरेच दिवस आहेत. तुझ्या मास्तरांना तो कसा उठवायचा ते जमत नसेल, तर मला कळवा. मी येऊन उठून दाखवतो.

आबा